नीरेच्या माळावरचा कवी आणि आमच्या दादांची वही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युद्धकवितेवर आलेला लेख वाचला, दोनदा वाचला, कात्रण काढून ठेवलंय. पहिल्या महायुद्धात लढलेले इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन आला, सीगफ्रीड ससून आला, रूपर्ट ब्रूक आला, फ्लँडर्सच्या शेतातली ती लाल पॉपीची फुलं पण आली, सगळं मनापासून लिहिलेलं होतं. पण शेवटाकडे एक वाक्य आहे की ही कविता युरोपातल्या खंदकांमधली, आपल्या मातीशी तिचा थेट संबंध नाही. ते वाक्य काही घशाखाली उतरेना, आठ दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून शेवटी मोबाईलवरच टाईप करायला बसलो, चुका असतील तर सांभाळून घ्या.

मी राहतो नीरेला, तालुका पुरंदर. माउलींच्या पालखीचं नीरास्नान जिथं होतं ती नीरा. वाल्ह्याहून पालखी येते, पादुकांना नदीत स्नान होतं आणि मग पुलापलीकडे सातारा जिल्हा लागतो, लोणंदला मुक्काम. एवढंच लोकांना नीरेबद्दल माहीत असतं, फार तर पुणे-मिरज लाईनवरचं स्टेशन म्हणून. पण दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजी कवितेत जी दोनतीन नावं सगळ्यात वरची धरतात त्यातला एक कवी १९४३ च्या सुरुवातीला या नीरेच्या छावणीत राहिलेला आहे, इथल्या घाटावर, इथल्या माळावर, इथल्या माणसांवर त्यानं कविता लिहिल्यात, आणि त्यातल्या एकीचं नावच मुळी ‘द मराठा घाट्स’ आहे. ॲलन लुईस त्याचं नाव. वेल्सचा माणूस.

हा लुईस १ जुलै १९१५ ला वेल्समधल्या क्यूमामान नावाच्या कोळसाखाणीच्या गावात जन्मला. घराण्यातले बाकीचे खाणीत, वडील मात्र मास्तर, आणि हाही पुढे इतिहास शिकून मास्तरच झाला. लढाईवर त्याचा विश्वास नव्हता, मारामारी नको म्हणणाऱ्यांपैकी होता, पण १९४० मध्ये सैन्यात गेला, आधी इंजिनियर्सच्या पलटणीत, नंतर साऊथ वेल्स बॉर्डरर्स मध्ये अधिकारी म्हणून. १९४२ मध्ये पहिला कवितासंग्रह आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पलटण हिंदुस्तानात आली. त्याची ज्या कवितेनं आधी ओळख झाली ती कविता सांगतो, म्हणजे युद्धकविता कशाला म्हणतात ते लक्षात येईल. रविवार आहे, दिवसभर पाऊस पडतोय, शिपाई तंबूत लोळलेत, कुणी बिडी-सिगारेट ओढतंय, कुणी भोक पडलेला मोजा रफू करतंय, पोरींच्या गप्पा, रोमवर बॉम्ब टाकायच्या गप्पा, आणि बाहेर पाऊस. बास. शेवटी जुन्या लढाईतल्या एका कवीला गोळी लागल्याचा उल्लेख तेवढा सोडला तर एक गोळी सुटत नाही त्या कवितेत. आमच्या घरात शिपाई होता म्हणून मला माहीत आहे, लढाईचे दिवस म्हणजे बहुतेक असेच दिवस असतात, वाट बघायचे.

मला हा कवी सापडला तो १९७९ साली पुण्यात अप्पा बळवंत चौकात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात. मी तेव्हा नुकताच हायस्कूलला इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलेलो. एक कव्हर फाटलेला इंग्रजी कवितांचा संग्रह चाळत होतो आणि पान उलटल्यावर मराठा हा शब्द दिसला. रोमन लिपीतला मराठा शब्द, तोही कवितेच्या डोक्यावर. पाच रुपयाला घेतलं आणि परतीच्या गाडीत वाचत आलो, जेजुरी मागे पडली तरी मान वर केली नव्हती.

कवितेत काय आहे तर दऱ्या तडकल्यात, जळतायत, दमून गेलेली पठारं डोंगराच्या शिरांमध्ये काळे दात रुतवून बसलीत. आता ज्यानं मार्च-एप्रिलात आमच्याकडचं काळं रान बघितलंय, हात जाईल एवढाल्या भेगा पडलेलं, त्याला ते काळे दात समजावून सांगावे लागत नाहीत. शेरडं कोरडं गवत आणि काटे चघळत दगडांमधनं वाट काढतात. आणि मग एक ओळ येते, तिचा मी मराठीत असा अर्थ लावतो, काळीसावळी कुणबी माणसं पाठीवर सूर्य ओढत नेतायत. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, औत आम्हीही धरलंय, पाठीवर सूर्य म्हणजे काय ते पाठीला माहीत आहे. एका परक्या मुलखातल्या मास्तरानं काही आठवड्यात ते टिपलं. पुढे घाटमाथ्यावरची लाल माती येते, पिठासारखी बारीक आणि रक्तासारखी लाल, शेणाच्या गोवऱ्यांचा जाळ येतो, आणि कवी विचारतो की खाली होरपळणारी ही जी कोणी आहे ती हे सगळं सोडून कधी वर त्या लाल मातीत जाईल का. तर नाही जाणार. जमिनीच्या एकेका कोरड्या तुकड्यानं माणसांना बांधून ठेवलंय, माणसं जमिनीची मालक नाहीत, जमीनच माणसांची मालक आहे. आणि शेवटाकडे दोन प्रश्न आणि दोन उत्तरं. रस्त्याच्या माथ्यावर कोण चढतंय, तर भिकारी, आपलं ओझं घेऊन. तारा निखळताना बघून कोण रडलं, तर एक भूमिहीन शिपाई, लढाईत हरवलेला.

हा भूमिहीन शब्द बघा. इंग्रज फौजेतला अधिकारी, ज्याच्या राज्याची ही जमीन म्हणवली जात होती, तो स्वतःला भूमिहीन म्हणतो. मी वर्गात ही कविता शिकवली, अभ्यासक्रमात नव्हती तरी शिकवली, आणि प्रत्येक वर्षी या शब्दापाशी थांबलो.

दुसरी कविता ‘करंजे व्हिलेज’. करंजे नावाची गावं आपल्याकडे एकापेक्षा जास्त आहेत, पण नीरेच्या छावणीतनं जाऊन येण्याच्या टप्प्यातलं आणि देवळासाठी नाव असलेलं म्हटलं की करंजे सोमेश्वरचं, बारामती तालुक्यातलं, म्हणून मी तेच धरतो. झाडूवाल्यानं सांगितलं की करंज्याला देऊळ आहे, गावात सोन्याचं छप्पर आहे, आणि इथं इंग्रजी कवितेत चक्क ‘गाव’ हा शब्द आलाय, आपला गाव. साहेब बघायला गेला तर सोनं कुठलं, उकिरड्यावर डुकरं आणि गिधाडं, उघडी पोरं भीक मागतायत, पडकी घरं, विहिरीवर म्हाताऱ्या पुटपुटतायत, झाडाला माकडं लोंबतायत, लाल लुगड्यातली एक पोरगी खुळखुळा वाजवत त्यांना हाकलतेय. जांभळ्या लुगड्यातल्या तरण्या पोरी आम्हाला टाळून जातात असंही तो लिहितो. आणि मग ती ओळ येते जी वाचून माझं डोकं फिरलं, की इथली माणसं कठीण आहेत, भुकेली आहेत, त्यांच्यात माया नाही.

खरंच राग आला हो. सव्वीस वर्षांचं वय होतं. माझी आजी वारीतल्या अनोळखी माणसांना दारात बसवून भाकरी-पिठलं वाढायची, स्वतःला उरो न उरो, आणि हा म्हणतो माया नाही. सायकल काढली आणि करंज्याला गेलो, काय बघायला गेलो होतो ते सांगता येणार नाही. सोमेश्वराच्या देवळात बसलो, माकडं दिसली नाहीत, ऊस दिसला, पाटाचं पाणी दिसलं, आणि तसाच रागात घरी आलो.

त्या रात्री ती कविता मोडकीतोडकी मराठी करून दादांना वाचून दाखवली. दादा म्हणजे वडील. दादा १९४० ला मराठा पलटणीत भरती झालेले, शिक्षण व्हर्नाक्युलर चौथी, आधी आफ्रिकेच्या बाजूला आणि मग इटलीत होते ते थेट १९४५ पर्यंत. लढाईबद्दल ते बोलायचे नाहीत. कुणी फार विचारलं तर थंडीबद्दल सांगायचे, तिकडच्या चिखलाबद्दल, खेचरांबद्दल, पण गोळीबद्दल कधी नाही. मला वाटलं हे ऐकून दादा पण चिडतील. दादा अंगणात बाजेवर बसले होते, तंबाखू मळत होते, मी वाचायचा थांबलो तरी मळतच राहिले आणि मग म्हणाले, खरं लिव्हलंय त्यानं. मी म्हटलं दादा आपल्याला माया नाही म्हणतोय तो. तर म्हणाले, आम्ही इटलीच्या गावात शिरायचो तवा बाया दारं लावून घ्यायच्या, पोरी मान खाली घालून भिंतीकडनं जायच्या, आम्हालाबी वाटायचं ही काय माणसं हायेत का दगडं. हातात बंदूक घेऊन गेल्यावर कोण माया करील रं.

त्यानंतर मी ती कविता वेगळी वाचायला लागलो. आणि साल आठवलं. १९४२ चा ऑगस्ट होऊन गेलेला. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मोर्चावर गोळीबार होऊन माणसं पडलेली, आमच्याच बाजूचा मुलूख तो, माणदेशापर्यंत सोयरीकसंबंध. आणि त्यानंतर चारसहा महिन्यात खाकीतली गोरी पलटण माळावर उतरते. तरण्या पोरी टाळणारच की. लुईसला हे कळलं नसेल असंही नाही, कारण त्यानं लिहिलंय की आमच्या वासानं माकडं गोळा व्हायची, म्हणजे आपण इथं परके आहोत, आपला वास वेगळा येतो, हे त्याला आतून ठाऊक होतं. त्या कवितेच्या मध्यात एक दगडी देव आहे, ओसाड माळावर दगडांच्या ढिगाशी एकटा उभा असलेला. तो त्याला विष्णू म्हणतो. तो देव कवीला ये म्हणतो, पूर्ण हाकलून देत नाही. मला कायम वाटत आलंय की माळावर दगडांपाशी एकटा उभा म्हणजे तो आमचा म्हसोबा असेल नाहीतर वीरगळ असेल. वीरगळ असेल तर किती मोठी गोष्ट झाली, कारण वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचाच दगड, खाली लढाई कोरलेली, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो पिंडीची पूजा करतोय. नाव बहुतेकांवर नसतं. हा माझा अंदाज आहे, पुरावा काही नाही, पण माळावर गेलं की डोक्यात तेच येतं.

लुईस नीरेत असतानाच फुटबॉल खेळताना जबडा मोडून पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलात पडला होता, तिथं त्यानं ब्रह्मदेशातनं आलेले जखमी जवळून बघितले आणि त्यांच्यावरही लिहिलं. पुढे पलटण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आराकानला गेली. ५ मार्च १९४४ ला सकाळी दाढी-अंघोळीच्या वेळेस गोळीचा आवाज झाला आणि हा डोक्याला जखम होऊन पडलेला सापडला, स्वतःचं रिव्हॉल्व्हर हातात. चौकशी बसली, अपघात म्हणून निकाल दिला. वय २८. रंगूनजवळ ताउक्यानच्या लष्करी स्मशानात त्याची कबर आहे, वेल्समध्ये बायको ग्वेनो होती, तिच्यासाठी लिहिलेली निरोपाची कविता आजही तिकडं लोकांना पाठ असते. नीरेच्या कविता असलेला दुसरा संग्रह तो गेल्यानंतर १९४५ ला आला, प्रस्तावना रॉबर्ट ग्रेव्ह्जची, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या शिपाई-कवीनं दुसऱ्यातल्या शिपाई-कवीला हात दिला. आणि या माणसाचा नीरेत कुठं एक फलक नाही, पाठ्यपुस्तकात उल्लेख नाही. मी जेवढं शोधलं तेवढ्यात मराठीत त्याच्या या कवितांचा एकही अनुवाद मला मिळाला नाही, कुणी केला असेल तर कृपया कळवा, मला फार आनंद होईल.

आपल्या लेखात ओवेनबद्दल आलं की तो युद्ध संपायच्या आठवडाभर आधी, ४ नोव्हेंबर १९१८ ला कालवा ओलांडताना मारला गेला आणि घरी तार पोचली ती ११ तारखेला, युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना. बरोबर आहे. पण त्याचा आपल्याशी असलेला धागा लेखात सुटला. ओवेन शेवटचा घरातनं निघाला तेव्हा आईला निरोप देताना त्यानं रवींद्रनाथांच्या गीतांजलीतल्या ओळी म्हटल्या होत्या, इथून जाताना माझा शेवटचा शब्द हा असू दे, मी जे पाहिलं त्याला तोड नाही, अशा अर्थाच्या. तो गेल्यावर त्याच्या खिशातल्या वहीत त्याच्याच अक्षरात त्या ओळी सापडल्या, खाली रवींद्रनाथांचं नाव. त्याच्या आईनं १९२० मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहून हे कळवलं आणि विचारलं की ही कविता तुमच्या कोणत्या पुस्तकात पूर्ण सापडेल. मुलगा गेलेली एक बाई, समुद्रापलीकडच्या कवीला विचारतेय की माझ्या मुलाच्या तोंडचे शेवटचे शब्द कुठल्या पानावर आहेत. हे वाचल्यावर तुमचा आमचा संबंध नाही असं कसं म्हणायचं. ओवेन आणि ससून एडिंबरोच्या ज्या लष्करी हॉस्पिटलात १९१७ ला भेटले तिथले डॉक्टर रिव्हर्स, ज्यांनी ससूनला सांभाळलं, तेसुद्धा आधी निलगिरीत राहून तिथल्या तोडा आदिवासींवर मोठं पुस्तक लिहून गेलेले. धागे सगळीकडे आहेत, ओढून बघितले पाहिजेत.

आणि आपले शिपाई? पहिल्या महायुद्धात हिंदुस्तानातनं दहा लाखाच्या वर माणसं समुद्रापार गेली, सत्तर हजारांच्या वर परत आली नाहीत. आमच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकात होत्या, कूतच्या वेढ्यात घोडा-खेचराचं मांस खायची पाळी आली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली ती पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन होती. आमच्या भागात कितीतरी गावच्या चावडीत, वेशीत तो छोटा दगड असतो, या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, पैकी इतकी कामी आली. फक्त आकडे. नाव नाही, शब्द नाही. शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडायचा, त्यातले वेचे इंग्रजीत करून अहवाल बनवायचा, आणि त्या अहवालांमुळे ती आज लंडनमध्ये वाचायला मिळतात. म्हणजे हेरगिरीसाठी केलेलं इंग्रजी उरलं आणि ज्या बोलीत माणूस घरच्यांशी बोलला होता ती बहुतेक गेली. त्यात लिहिता न येणारे दुसऱ्याकडनं लिहून घ्यायचे, म्हणजे आधीच एक हात मधे.

जर्मनीत बर्लिनजवळ वुन्सडॉर्फला हिंदी कैद्यांची छावणी होती, तिथं भाषा अभ्यासणाऱ्यांनी कैद्यांचे आवाज तबकडीवर घेतले. ११ डिसेंबर १९१६ ची मल्लसिंग नावाच्या पंजाबी शिपायाची तबकडी आहे, जेमतेम सव्वा मिनिटाची. तो मी म्हणत नाही, एक माणूस होता म्हणतो. तो हिंदुस्तानात लोणी खायचा, दोन शेर दूध प्यायचा, मग इंग्रजाच्या नोकरीत गेला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी पकडला, आता त्याला हिंदुस्तानात जायचंय, तिथं गेला तर पुन्हा तसंच खायला मिळेल. मला विचाराल तर ही युद्धकविता आहे, कुठल्याही संग्रहात ओवेनच्या शेजारी छापावी अशी. आणि ज्याला स्वतःलाच कवी म्हणून नाव मिळालं असा आपल्याकडचा शिपाई म्हणजे हवालदार काझी नजरुल इस्लाम, १९१७ ला ४९ व्या बंगाली पलटणीत गेला, कराचीच्या छावणीत राहिला, तिथनं मासिकांना लेखन पाठवायचा, नावाआधी हवालदार लावून. तो स्वतः आघाडीवर कधी गेला नाही, पुढे पलटणच मोडली, पण पुढच्या त्याच्या बंडखोर कवितेत छावणीची ती शिस्तीतली पावलं ऐकू येतात असं मला तरी वाटतं.

आता घरचं सांगतो. दादांची एक वही होती. हाताच्या पंजाएवढी, वर काळं मेणकापड, तिला पेन्सिल अडकवायला दोरा. पत्र्याच्या पेटीत लष्कराच्या घोंगडीखाली असायची. त्यात पगाराचे आकडे, घरी मनीऑर्डर कधी केली, दोस्तांची नावं, काही नावांपुढे नुसती एक आडवी रेघ, ती रेघ का ते मी एकदाच विचारलं, परत विचारलं नाही. आणि मधेमधे अभंग, तोंडपाठ असलेले आठवून लिहिलेले, तुकोबांचे जास्त. आणि अभंगांच्या मधेच, त्याच अक्षरात, काही ओव्या ज्या कुठल्याच गाथेत नाहीत, म्हणजे दादांच्या स्वतःच्या. मी विचारलं की दादा हे तुम्ही जुळवलं का, तर म्हणाले आमच्या आयेला जात्यावर सुचायचं, मला पहाऱ्यावर सुचलं, त्यात काय.

१९९१ ला दादा गेले. त्यानंतर चारपाच वर्षांनी एका कार्यालयातनं माणसं आली, माजी सैनिकांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवतोय म्हणाली, मी मोठ्या अभिमानानं वही आणि दोन पदकं दिली. पदकं परत आली. वही आली नाही. पावती घेतली नव्हती, ती माझी चूक, मी कबूल करतो. दोन वर्षं हेलपाटे घातले, प्रत्येक वेळेस नवा साहेब, प्रत्येक वेळेस कपाट उघडून दाखवायचे, सापडली की कळवतो म्हणायचे. एकदा एक क्लार्क म्हणाला, अहो एवढं काय, पदकं मिळाली ना. त्या कार्यालयाचं नाव इथं लिहीत नाही, आता तिथं ती माणसं पण नाहीत. पण पदकापेक्षा वही मोठी होती हे त्या माणसाला कळलं नाही, आणि मला वाटतं आपल्याकडे हे कुणालाच फारसं कळत नाही. झेरॉक्स काढून ठेवावी एवढं मला शिक्षक असून सुचलं नाही याचं दुःख आजही होतं.

आपल्याकडे २६ जानेवारीला, कारगिल दिनाला शाळेत कविता म्हणतात, मी स्वतः तीसेक वर्षं पोरांकडनं म्हणून घेतल्यात, मुठी आवळून, आवाज चढवून. त्या कविता वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पोवाडा ऐकून माझ्याही अंगावर काटा येतो आणि आला पाहिजे. पण त्या सगळ्या घरी बसून शिपायाबद्दल लिहिलेल्या आहेत. शिपायानं लिहिलेली एक तरी ओळ त्या दिवशी म्हटली जावी. ज्या भागात गावाच्या नावापुढे मिलिटरी लागतं, साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहीत आहे, त्या भागात शिपायाच्या स्वतःच्या शब्दांचं एक पुस्तक नसावं? जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा. गी पॉइटेव्हीन आणि हेमा राईरकर या दोघांनी गावोगाव माणसं पाठवून, बायकांना बोलतं करून, एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. बायकांचं गाणं असं वाचलं. त्याच बायकांची पोरं पहाऱ्यावर जे गुणगुणली ते मात्र पेट्यांमध्ये पडून कसर खातंय, नाहीतर रद्दीत जातंय, किंवा वापर नसलेल्या कपाटात.

म्हणून आपल्याला विनंती आहे. आपल्या पेपरचे वार्ताहर तालुक्या-तालुक्यात आहेत. आठवड्याला अर्धा कॉलम द्या, ज्याच्या घरी आजोबा-पणजोबांचं पत्र असेल, वही असेल, पाठ असलेली दोन कडवी असतील त्यानं मूळ कागद घरीच ठेवावा आणि फोटो पाठवावा, मूळ कुणाला देऊ नये, हे मी अनुभवानं सांगतो. ६२ चे, ६५ चे, ७१ चे जवान अजून हयात आहेत, त्यांना लढाईबद्दल विचारलं तर ते बोलणार नाहीत, थंडीबद्दल विचारा, जेवणाबद्दल विचारा, पहाऱ्यावर काय म्हणायचात ते विचारा. आणि लुईसच्या दोन्ही कवितांचा मी केलेला अनुवाद सोबत पाठवतोय, बरा वाटला तर छापा, नाही वाटला तर दुसऱ्या कुणा चांगल्या कवीकडनं करून घ्या, माझा काही आग्रह नाही, पण नीरेच्या लोकांना त्यांच्या माळावर लिहिलेली कविता त्यांच्या भाषेत मिळू द्या.

वहीतल्या एका पानावरच्या चार ओळी मला पाठ आहेत, कारण ते पान मी वर्गात म्हणून दाखवायचो. १९४५ च्या वसंतातल्या आहेत, इटलीत सेनिओ नदीवरच्या. ती नदी तशी छोटी, पण दोन्ही बाजूला पुराचे उंच बांध, एका बांधात जर्मन आणि दुसऱ्या बांधात आपले, महिनोन् महिने. त्याच नदीवर ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांनी जखमींना पाण्यातनं खांद्यावर आणलं, मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दादांनी त्या नदीवर हे लिहिलं:

वढ्याएवढी नदी हिची, बांध मातुर घराएवढं
पल्याड बी कुणाचं लेकरू, माझ्याच की वयाएवढं
साहेब म्हणतो म्होरं चल, आई म्हणती माघारी
सांग आता इठ्ठला, कुणाची करू चाकरी

छापणार असाल तर एकच करा, तुमच्या मुद्रितशोधकांना सांगा की ‘वढा’ चा ओढा करू नका, ‘म्होरं’ चं पुढे करू नका आणि ‘इठ्ठला’ ला विठ्ठला करू नका. वहीत जसं होतं तसंच मी लिहिलंय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
नीरा, ता. पुरंदर, जि. पुणे